पाणी कुठलं?

गाळण्याच्या कापडावर दोन मिलिमीटरचा जीव वळवळत होता. सांगलीबाहेरच्या नव्या कॉलनीत राहायला येणारे नळाची वेळ विचारतात, पण चार दिवसांसाठी गावाहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "ह्ये पाणी कुठल्या विहिरीचं? गाळलेला जीव त्याच पाण्यात सोडायचा असतोय." तीन वर्षं आम्ही त्यांना कायमचं बोलावत होतो, त्या नुसतं "बघू" म्हणायच्या. विहीर मला माहीत नव्हती, म्हणून शेजारच्या बनुबाईंना विचारलं. "आपल्या नळाच्या टाकीमागं हाय की! वरच्या जाळीच्या कुलपाची किल्ली माझ्याकडंच असती." कापड बघून त्या हसल्या. "किड्याला माहेरी धाडताय व्हय?" "व्हय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. बनुबाईंनी विहिरीवर येऊन जाळी उघडली. सासूबाईंनी कापड उलटं करून तांब्यात धुतलं, तांब्या दोरीनं विहिरीत सोडला आणि पाण्याला टेकल्यावरच कलू दिला. बनुबाई कुलूप लावून किल्ली पदराला बांधू लागल्या. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दुसरी किल्ली करून घे. मी हितंच ऱ्हाणार."