हिराचं बारसं

हैदराबादेत डॉक्टरांच्या संघटनेची, अंजुमनची, निवडणूक होती आणि आष्टीच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर अर्जुनराव तिचे सदर म्हणजे अध्यक्ष व्हायला निघाले होते. दारात बैलगाडी जुंपलेली होती. "खेड्यातल्या रयतेला डॉक्टर हवा," हे भाषणातलं वाक्य ते घोकत होते, तेवढ्यात मेंढरं राखणारी चतुराबाई तान्ह्या लेकीला पाया पडवायला घेऊन आली.

"नाव काय ठेवलं?"

"हिरा."

डॉक्टरांना नवल वाटलं. तिची थोरली पोरं दगडू आणि कडू होती.

"चांगल्या नावाचं पोर मरण उचलून नेतं, म्हून आमी वंगाळ नावं ठिवतो," चतुराबाई म्हणाली. "ह्या वक्ताला म्हनलं, डाक्टरसायेब हायती. भ्याचं कावून?"

"मी तर चाललो, बाई. निवडून आलो तर हैदराबादलाच राहीन. पण साऱ्या रियासतीचं भलं करीन."

"मंग हितं कोन?"

"येईल कोणीतरी. सरकारला सांगतो मी."

चतुराबाईनं मान डोलावली, लेकीच्या तोंडावर पदर ओढला आणि पायरी उतरली.

"चल गं धोंडे," ती लेकीला म्हणाली, "घरला जाऊ."