गॅलरीतला रिकामा हूक

गॅलरीतला हूक रिकामा होता. भाजीची पिशवी हातात तशीच धरून सून त्या हुकाकडे बघत राहिली.

पिंजरा कुठं गेला हे विचारायची गरज नव्हती. नवरा कामानिमित्त परगावी होता. घरात उरल्या सासूबाई, आणि दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य अख्ख्या इमारतीला पाठ होतं.

पोपट खरं तर सुनेचा. माहेराहून तिच्यासोबत आलेला. खाण्यापिण्यातली त्याची ऐट बघून तिच्या वडलांनी त्याचं नाव शेठ ठेवलं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता तोच सासूबाईंनी पिंजरा आपल्या खोलीत नेला आणि शेठची शिकवणी सुरू केली. तेव्हापासून शेठ हुबेहूब त्यांच्या आवाजात सुनेला आळशी म्हणायचा, दार लाव म्हणून दरडावायचा आणि पाहुण्यांसमोर तिच्या माहेराचा उद्धार करायचा. पाहुणे हसायचे. सूनही हसायची. शेठच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि सून ताकास तूर लागू देत नसे, असा एकूण मामला होता.

काल मात्र तिनं पिंजरा उचलून गॅलरीत टांगला. सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. पाखरू त्यांचं, खोली त्यांची, मुलगासुद्धा त्यांचाच, हे सगळं तिला ऐकवून झालं. तिनं ऐकून घेतलं आणि पिंजरा हलवला नाही. आज ती बाजारात गेली तेवढ्यात त्यांनी डाव साधला होता.

ती धावतच त्यांच्या खोलीत शिरली. खोली नेहमीसारखी कोंदट. सासूबाईंना वाऱ्याचा तिटकारा, त्यामुळे खिडकी बंद. लागूनच असलेल्या न्हाणीच्या झरोक्यातून थंडी येते अशी त्यांची कटकट होती, म्हणून तिनंच परवा तिथं जुनी चादर कोंबून दिली होती. न्हाणीत गॅसचा गिझर चालू होता आणि नळाखाली बादली भरून वाहत होती. त्या गिझरचा मिस्त्री मागच्या आठवड्यात येऊन झरोक्यावरून बरीच बडबड करून गेला होता. ती बडबड सुनेनं ऐकली, सासूबाईंपर्यंत पोचवली नाही. त्या घरात कोण कोणाशी बोलत होतं?

शेठ दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. पिसं फुगलेली, चोच उघडी, प्रत्येक श्वासासरशी शेपूट खालीवर होत होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिला एकदा चांगलंच झापलं होतं. पाखरू दुखणं शेवटपर्यंत लपवतं, कारण रानात दुबळं दिसणारं आधी मारलं जातं. ते तळाशी बसलेलं दिसलं की घरगुती औषध नको, उद्याची वाट नको, तसेच उठा आणि या. तो शब्द अन् शब्द तिच्या लक्षात होता.

तिनं पिंजरा उचलला.

"कुठं नेतेस त्याला?" पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "झोपलंय ते. मलाही पडू दे. डोकं फुटतंय, मळमळतंय."

"आई, तुम्ही याला इथं का आणलंत?"

"माझी खोली आहे."

एरवी या वाक्यामागून आणखी दहा वाक्यं आली असती. आज एकही आलं नाही. डोकेदुखी हे सासूबाईंचं जुनंच हत्यार होतं आणि सून त्याला केव्हाच सरावली होती. ती वळली.

"जाताना दार लाव. वारा येतो."

तिनं दार लावलं. बादली तशीच वाहत राहिली.

टॅक्सीत तिनं काच खाली केली आणि पिंजरा खिडकीशी धरला. बाहेर बोचरी थंडी होती. शेठची मान कलली तसं तिला रडू फुटलं. लग्न झाल्यापासून ती कोणासमोर रडली नव्हती. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि वेग वाढवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पिंजरा तिच्या हातातून घेतला आणि शेठला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. पाखरं पाळायची हौस असते, जपायची अक्कल नसते, असं बरंच काही. ती खाली मान घालून उभी राहिली. पेटीत शेठची चोच हळूहळू मिटली, शेपूट थांबलं. काही वेळानं तो डुगडुगत उठला आणि पेटीतल्या दांडीवर चढून बसला.

"वाचला," डॉक्टर म्हणाले. "आता खरं सांगा, नाहीतर माझं औषध चुकेल. पिंजरा कुठं असतो?"

"गॅलरीत. कालपासून."

"आज कुठं होता?"

"आतल्या खोलीत. मला न विचारता नेला."

"तिथं काही जळलं? धूर वगैरे?"

"गॅसचा गिझर आहे शेजारी," ती म्हणाली. शेठसाठी खरं सांगणं भाग होतं. "खिडकी बंद होती."

डॉक्टरांचा हात थांबला. हे दुखणं नव्हे, ते म्हणाले. बंद जागेत गिझर जळताना विषारी वायू सुटून कोंडतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. आधी पाखरू पडतं, मागोमाग माणूस. त्यांनी टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला.

"त्या खोलीत आत्ता कोण आहे?"

ती शेठकडे बघत होती. त्याचे डोळे आता टवटवीत दिसत होते. तिनं पदरानं आपले डोळे पुसले.

"कोणी नाही," ती म्हणाली.

शेठनं पिसं झटकली, मान वाकडी केली आणि सासूबाईंच्या आवाजात ठणकावून म्हणाला, "दार लाव. वारा येतो."