या महिन्याचे गेम

महिना सुरू झाला की एका संध्याकाळी, घरातली रोजरीची प्रार्थना संपता संपता, कॅनडाहून डेरिकचा व्हिडिओ कॉल यायचा. “पप्पा, या महिन्याचे फुकट गेम आलेत. टीव्ही लाव.”

त्याचा टीव्हीला जोडलेला गेमिंग कन्सोल वसईच्या घरीच राहिला होता. महिना संपायच्या आत गेम घेऊन ठेवले नाहीत तर हातचे जातात, असं तो सांगायचा. मग त्याचे पप्पा, सिप्रियन, केळीच्या चिकाने काळ्या पडलेल्या अंगठ्याने तो म्हणेल ते बटण दाबायचे. मधेच बोलण्यात वाडीतल्या पपया निघायच्या, मम्मीचे गुडघे निघायचे आणि अर्धा तास सहज जायचा. फोन ठेवला की सिप्रियन बायकोवर चिडायचे, “बघ एमिली, आईबापांसाठी याला वेळ नाही. खेळांसाठी बरा मिळतो!”

आज त्यांनी कॉल यायच्या आधीच टीव्ही लावला. डोळ्यांवर नवा चष्मा होता, म्हणून पडद्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचता आली. या महिन्याच्या तिन्ही नव्या गेमखाली लिहिलं होतं, हे तुम्ही आधीच घेतले आहेत.

“अहो, म्हणजे हे त्याला तिकडे बसून मोबाइलवरून घेता येतात?” एमिलीने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला.

“पप्पा, टीव्ही लावलास? गेम दिसतायत ना?”

सिप्रियननी चष्मा काढून खिशात ठेवला.

“कुठे रे, काहीच दिसत नाही. पहिल्यापासून सांग. आधी कुठलं बटण दाबू?”