धाकट्याच्या गळ्यात

स्कॉटलंडच्या राजानं माझ्या धाकट्या भावाच्या कमरेला तलवारीचा पट्टा बांधला आणि तो अर्ल झाला. किल्ला, दोन खोरी, तीनशे घोडेस्वार, सगळं त्याचं. राजासाठी लढाईत जखमा झेलल्या कोणी? मी!

खरं तर हे वाढलेलं ताट दोन वर्षांपूर्वी माझ्यापुढेच आलं होतं. जुना अर्ल मुलाविना वारला. त्याच्या एकुलत्या लेकीशी लग्न करील त्याला अर्लपद, असं ठरलं. राजानं आधी मला विचारलं. तिचा देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा आठवून मी हसलो होतो, "धाकट्याच्या गळ्यात बांधा की!"

आता रिवाजाप्रमाणे मी त्याच्यापुढे गुडघे टेकले, जोडलेले हात त्याच्या हातांत दिले. अंगाची नुसती आग होत होती.

तेवढ्यात भावजय आली. तिनं नवऱ्याचा सैल पट्टा नीट आवळला; त्यानं हळूच तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "तेव्हा राजानं मलाही विचारलं होतं. मी तुमचं नाव घेतलं होतं."

मग नवऱ्याकडे बघत हसली.

"बरं झालं, तुम्ही नाही म्हणालात."