तिसरा धडा कोण घेणार?

मानवी लैंगिकता हा आमचा जोडविषय चार विभाग मिळून शिकवत होते. परीक्षा आठवड्यावर आली, तरी तिसरा धडा कोणी उघडलाच नव्हता, आणि निम्मे गुण त्याच धड्याला.

जीवशास्त्राचे सर म्हणाले, "अवयवांच्या आकृत्या काढून दिल्या ना? पुढचं मॅडमना विचारा."

मानसशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "मी फक्त मनाचं बघते."

समाजशास्त्राचे सर: "आम्ही लग्नापर्यंत आणून सोडतो."

कायद्याच्या सरांनी तर चष्माही वर केला नाही. "तक्रार आली तरच आमचा संबंध."

शेवटी आमच्याच वर्गातली, निवृत्तीनंतर शिकायला आलेली नर्समावशी उठली. "मेल्यांनो, पस्तीस वर्षं बाळंतपणं केलीयत मी. बसा गपचूप." दार लोटलं, लाज खुंटीला टांगली आणि खडू हातात घेतला.

दहाच मिनिटांत दार उघडलं. चारही प्राध्यापक! आता आमची काही धडगत नाही, असं वाटलं. पण चौघेही खाली मान घालून शेवटच्या बाकावर दाटीवाटीने बसले.

जीवशास्त्राच्या सरांनी वही उघडली आणि हळूच हात वर केला.

"मावशी, जरा सावकाश सांगा. पेपर मला तपासायचेत."