दुसरा सर्व्हर

"मॅडम, टँकर गेट पे खड़े हैं. दूध है, रुकेगा नहीं."

डेअरीचे व्यवस्थापक शेखावतजी फोनवर अगदी शांतपणे बोलत होते आणि त्या शांतपणाचीच ईश्वरीला धास्ती वाटत होती. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या त्या डेअरीचे कॉम्प्युटर सांभाळणं हे तिचं काम. वैशाली नगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती सकाळपासून झगडत होती.

समोर तिचे सासरे वसंतराव मटार सोलत बसले होते. सासूबाई गेल्यावर सांगलीचं घर बंद करून ते दिवाळीत इकडे आले होते. येत्या रविवारी परत निघणार होते. "इथे करमत नाही," एवढंच त्यांनी कारण दिलं होतं. गंधारने वडिलांना फार आग्रह केला नाही. ईश्वरीनेही थांबा म्हटलं नाही. तिने तिकीट काढून दिलं.

"नेमकं अडलंय काय?" त्यांनी विचारलं.

"दोन सर्व्हर आहेत, बाबा. दूध मोजून घ्यायचा प्रोग्राम पहिल्यावर चालतो. तो बंद पडला तर दुसऱ्यावर सुरू व्हायला हवा. समजा, एक माणूस आणि दोन घरं. एक घर बंद झालं की त्याने दुसऱ्या घरी जायचं आणि पहिल्यासारखं कामाला लागायचं. आज पहिला सर्व्हर गेला, आणि हा दुसऱ्याच्या दारातून परत येतोय."

"परत येतोय," वसंतराव म्हणाले आणि सोलत राहिले.

ईश्वरीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रोग्राम ज्या खात्याच्या नावाने चालायचा त्याचा पासवर्ड बरोबर होता. खातं बंदही झालेलं नव्हतं. दोन्ही सर्व्हर एकमेकांना ओळखत होते. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी चालत नव्हतं.

"कामात आहेस, पण एक विचारू?"

"विचारा ना," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

"माणूस दुसऱ्या घरी जातो. जागा असते, सगळं असतं. पण तिथे त्याला हक्क असतो का?"

ईश्वरीचे हात थांबले. त्या खात्याला काम चालवायचा हक्क प्रत्येक सर्व्हरवर वेगळा द्यावा लागतो. दुसरा सर्व्हर तिनेच बसवला होता. तिने यादी उघडली. खात्याचं नाव तिथे नव्हतं.

"नसतो, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली. "द्यावा लागतो. आणि मी दिलाच नाही. राहून गेलं. माझीच चूक."

"मग आता?"

"आता देते. कायमचा. पुन्हा विचारायची वेळच येणार नाही."

"तुला अडचण नाही ना होणार?"

"अडचण कसली? हे आधीच करायला हवं होतं."

वसंतरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. चष्मा पुसत उठले आणि आत गेले. मटार अर्धे तसेच राहिले.

थोड्याच वेळात प्रोग्राम सुरू झाला. "गाड़ी अंदर लग गई, मॅडम. आपका बहुत उपकार," शेखावतजी म्हणाले. उपकार कोणाचे ते ईश्वरीला माहीत होतं. खाली दुकानात जाऊन तिने गजक, म्हणजे इकडची तिळाची मिठाई, आणली आणि पहिला तुकडा सासऱ्यांच्या हातावर ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला.

"बाबा, आज तुम्ही वाचवलंत. तुमचे आभार कसे मानू?"

"तू कसले मानतेस?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी मानायचे."

संध्याकाळी गंधार घरी आल्यावर तिने त्यालाही सगळं सांगितलं. "त्यांना या कामातलं काही कळत नाही म्हणतात, पण एका प्रश्नात नेमकं बोट ठेवलं बघ." गंधारला वडिलांचा अभिमान वाटला. ती बोलत असतानाच पुण्याहून नणंदेचा, अनुयाचा, फोन आला.

"वहिनी, तुमचे उपकार मी विसरणार नाही," अनुया रडत होती. "बाबा सांगलीच्या घरी जाणारच नव्हते. त्यांनी वृद्धाश्रमात खोली घेतली होती. तुम्हाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. आज दुपारी फोन करून ती सोडली. म्हणाले, या घरात मला हक्क आहे का, असं ईश्वरीला विचारलं. ती म्हणाली, द्यायचा राहून गेला, आता कायमचा देते."