गुरुवारचा विद्यार्थी

सेवकरामनं तिसऱ्यांदा चंद्राला स्त्रीलिंगी केलं, तेव्हा केशोराव मास्तर खुशीत हसले.

"अरे, चंद्र पुरुषच आहे. जर्मनीत सूर्य तेवढा बाई."

"सूर्य बाई?" आतून धुरपताचा आवाज आला. ती मास्तरांच्या घरी सैपाक करायची आणि कान ओसरीवर ठेवायची. "मंग त्या मुलखात चूल कोन पेटवते जी?"

"तू तुझी पेटव," मास्तर म्हणाले. पण खरं तर त्यांना गंमत वाटली. घरात तीन माणसं एकाच गोष्टीवर बोलतायत, असं होऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"मराठी माणसाला जर्मन सोपी जाते बघ. तीन लिंगं आपल्याकडेही आहेतच. गोंदियाच्या बाजारातल्या हिंदीवाल्यांचे मात्र हाल होतील."

सेवकरामनं मान डोलावून ते वहीत लिहून घेतलं. तो सगळंच लिहून घ्यायचा.

हे १९४३ साल. केशोराव टेंभरे लाइपझिगच्या विद्यापीठात तीन वर्षं राहून जर्मन भाषा, वाङ्मय, तिथल्या चालीरीती असं सगळं शिकून आले होते. पुढं नागपूरला कॉलेजात शिकवलं. लढाई पेटली, वर्गात कोणी येईना, वर्ग बंद पडला. मास्तर मुर्रीला, आपल्या गावी, धानाच्या बांध्या कसायला परत आले. बायको शामकला त्याआधीच वारली होती. मूलबाळ नाही.

पूर्वी हेच गाव 'आमचा जर्मन मास्तर' म्हणून मिरवायचं. आता त्याच नावाला टरकू लागलं. मास्तरांच्या ओसरीवर बसलं तर पोलीस उचलून नेतील, असं कुणीतरी बोललं, आणि गावाला तेवढं पुरलं. घराकडं कुत्रं फिरकेना. धुरपतासुद्धा मागच्या दारानं यायची. मास्तर एकटेच जर्मन कविता मोठ्यानं म्हणायचे. भिंतींना कान असतात म्हणतात, पण मेल्या एकदाही 'वाहवा' म्हणाल्या नाहीत.

अशात दिवाळीनंतर एका गुरुवारी सेवकराम सायकलवरून आला. तिरोड्याचा आहे म्हणाला. नागपूरच्या परीक्षेला जर्मन घ्यायचीय, शिकवणारं कोणी नाही म्हणाला. मास्तरांनी पुढं काही विचारलंच नाही. त्याला सतरंजीवर बसवलं आणि हातात पुस्तक दिलं.

तेव्हापासून तो दर गुरुवारी दुपारी यायचा. भाषा बेताचीच शिकला, पण प्रश्न फार विचारायचा.

"तिकडून चिट्ठ्या येऊन राहिल्या काय जी, गुरुजी?"

"आता कुठल्या? जुन्या आहेत, दाखवतो." आणि मास्तर पत्रांची नि फोटोंची ट्रंकच उघडून बसायचे. ही घरमालकीण, हिनं मला भात शिजवून घातला, त्याची पार खळ झाली होती. हे आम्ही रविवारी जंगलात फिरायला जायचो ते. सेवकराम एकेक पत्र उलटून पाहायचा. असा चिकित्सक विद्यार्थी मास्तरांना नागपुरातही मिळाला नव्हता.

एकदा त्यांनी सांगितलं, "व्याख्यान आवडलं तर तिकडचे विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत. मुठीनं बाकावर टकटक करतात."

त्या दिवशी धडा संपल्यावर सेवकरामनं पुस्तक ठेवायच्या पाटावर टकटक केली. मास्तर झटकन उठून आत गेले. धुरपतानं विचारलं तर म्हणाले, डोळ्यांत धूर गेला. चूल तर विझलेली होती.

माघ संपत आला तेव्हा मात्र सेवकरामनं आल्याआल्या वही बाजूला ठेवली. बसलाही नाही.

"गुरुजी, मी विद्यार्थी नाही जी. मी सीआयडीचा मानूस आहो."

मास्तर चष्मा पुसत राहिले.

"साहेबाले निनावी चिट्ठी आली होती. मुर्रीचा मास्तर जर्मनीचा हेर आहे म्हनून. म्हनून मले धाडलं. तीन महिने पाहून राहिलो. तुमच्या घरी पुस्तकं, धान अन् मच्छर, बाकी काहीच नाही. तसाच रपोट देल्ला मी. आता कोनी तुमाले तकलीफ देनार नाही."

"म्हणजे संपलं?"

"संपलं जी. पन एवढी खोटी चिट्ठी लिवली कोनं? तुमचा कोनी दुश्मन?"

"दुश्मनी करायला तरी माणसानं घरी यावं लागतं, बाबा."

सेवकराम ओशाळून हसला. मास्तरांनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मग पुढचा गुरुवार?"

"आता कायले येऊ जी? मले भंडाऱ्याले बोलावलं."

"अर्धं व्याकरण राहिलंय तुझं. नाटक तर एकही वाचलं नाही आपण." मास्तरांनी पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. "तो रिपोर्ट महिनाभर उशिरा दिला असतास, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

सेवकरामनं बाजूला ठेवलेली वही उचलली. तो वाकून पाया पडला आणि सायकल घेऊन निघून गेला.

"जाऊ द्या जी, बला टळली," धुरपता म्हणाली. मास्तर तिच्यासमोरच रडले, लहान लेकरासारखे. तिला वाटलं, फसवला गेला बिचारा, म्हणून रडतो. तिनं सेवकरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी सतरंजी अंथरली. दुपार झाली, कोणी आलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा ते उठले, कोरा कागद घेतला आणि जमेल तेवढं वेडंवाकडं अक्षर काढून लिहायला बसले:

"साहेब, मुर्रीच्या मास्तरानं तुमच्या मानसाले उल्लू बनवलं. मी मागच्या चिट्ठीत लिवलं ते सारं खरं आहे. या खेपेले जरा जास्त दिवस टिकनारा मानूस धाडा."